पुस्तक कानात, आकडा डोळ्यांसमोर

वाचकहो, या सदरात आपण रक्तदाब, मधुमेह, बाळाचे लसीकरण, पावसाळ्यातले पाणी अशा विषयांवर नेहमी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. वरवर पाहता तो शिक्षणाचा वाटेल, पण अखेर तोही रुग्णाच्या खाटेपाशीच येऊन पोहोचतो. निमित्त झाले एका वाचकाच्या पत्राचे.

शेजारच्या तालुक्यातील एका खेड्यातून हे गृहस्थ लिहितात : "माझी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जाण्यायेण्यात एस.टी.त तिचे रोज तीन तास जातात. आमच्या वेळी अभ्यास म्हणजे पुढ्यात पुस्तक आणि हातात पेन्सिल. हिच्या कानात मात्र सदा बोंडे घातलेली. विचारले तर म्हणते, 'बाबा, औषधशास्त्राचा धडा ऐकतेय.' मोठमोठे ग्रंथ म्हणे आता मोबाइलवर कुणीतरी वाचून दाखवते. पुस्तक घ्यायला मी दोन हजार रुपये द्यायला तयार आहे, पण ती म्हणते, ऐकायला मिळते तर विकत कशाला घ्यायचे? डॉक्टर, हा अभ्यास खरा की नुसता देखावा? आणि ही पास होईल ना?"

पत्र वाचून मला हसू आले नाही. प्रश्न रास्त आहे. शिवाय तो या एका मुलीचा नाही. आज डॉक्टरकी, नर्सिंग, औषधनिर्माण शिकणारी कितीतरी मुले अशीच ऐकून अभ्यास करतात. नोकरी करणारे डॉक्टरही गाडीत बसले की व्याख्याने लावतात. तेव्हा या पद्धतीचे गुणदोष नीट तपासले पाहिजेत. माझे मत आधीच सांगून टाकतो. ऐकून विषय समजतो, त्याची उजळणी होते, आणि वाया जाणारा वेळ कारणी लागतो. पण औषधाची मात्रा, म्हणजे डोस, केवळ कानावर विसंबून कुणी कधीही ठरवू नये. असे का, ते पुढे सांगतो. त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे.

ऐकून शिकणे नवे नाही

ऐकून शिकणे म्हणजे आळशीपणा, असे मानणाऱ्यांनी आपल्याच परंपरेकडे पाहावे. आपल्याकडे शतकानुशतके विद्या मुखातून कानात आणि कानातून मुखात गेली. वाग्भटाचे 'अष्टांगहृदय' पद्यात आहे आणि आजही आयुर्वेदाचे विद्यार्थी त्यातील श्लोक पाठ करतात. छंदात बांधलेला मजकूर कानाला लवकर आपलासा वाटतो, आणि एखादा शब्द गळला तर चाल अडखळते, चूक लगेच कळते.

पण त्या जुन्या पद्धतीत आणखी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे संथा. गुरूने म्हणायचे, शिष्याने लगेच म्हणून दाखवायचे, चुकले की गुरूने तिथेच थांबवायचे. आणि दुसरी गोष्ट अर्थाची. अर्थ न जाणता नुसते पाठ करणाऱ्याला सुश्रुतसंहितेत चंदनाचे ओझे वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिलेली आहे. पाठीवर भार आहे हे त्याला कळते, चंदन आहे हे कळत नाही. कानात बोंडे घालून खिडकीबाहेर बघत बसलेल्या विद्यार्थ्याला ना कुणी म्हणून दाखवायला सांगत, ना कुणी थांबवत. जुन्या आणि नव्या श्रवणात हा फरक आहे.

व्यावसायिक ग्रंथ ध्वनिमुद्रित करण्याची कल्पनाही बरीच जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना पुढे शिकता यावे म्हणून १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये 'रेकॉर्डिंग फॉर द ब्लाइंड' हे काम सुरू झाले. स्वयंसेवक पाठ्यपुस्तके मोठ्याने वाचून मुद्रित करू लागले. त्यानंतर १९५०च्या दशकात अमेरिकेत 'ऑडिओ डायजेस्ट' नावाने डॉक्टरांसाठी ध्वनिफिती निघाल्या. दिवसभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला नवे वाचायला वेळ कुठला? त्याने निदान गाडीत बसून ऐकावे, हा हेतू.

आपल्याकडे १९८०-९०च्या दशकांत कॅसेटी आल्या. परीक्षेच्या आधी मित्रामित्रांनी पुस्तकातले धडे वाचून भरायचे आणि एकमेकांना द्यायचे, असा प्रकार आम्हीही केला. माझ्या चुकीची गोष्ट त्याच कॅसेटींमधली आहे.

एक कॅसेट आणि एक सिस्टर

साल १९९६. मी नुकताच व्यवसायात स्थिर होत होतो. आठवड्यातून दोन दिवस वीस-बावीस किलोमीटरवरच्या एका छोट्या रुग्णालयात जात असे. गाडीत कॅसेट प्लेअर होता. एका मित्राने औषधशास्त्राच्या ग्रंथातील प्रतिजैविकांचे प्रकरण वाचून भरलेली कॅसेट मी लावत असे. टेप थोडी ताणलेली, रस्त्याला खड्डे, समोरून ट्रक. तरी ऐकत होतो आणि आपला वेळ सत्कारणी लागतो आहे, असे समाधानही वाटत होते.

एके दिवशी रुग्णालयात सुमारे एक वर्षाचे, दहा किलो वजनाचे बाळ दाखल झाले. जंतुसंसर्ग मोठा होता. अमिकॅसिन नावाचे इंजेक्शन द्यायचे ठरवले. मुलांना मी ते फारसे वापरले नव्हते. पण दोन दिवसांपूर्वीच कॅसेटमध्ये ऐकले होते : किलोमागे दिवसाला फिफ्टी मिलिग्रॅम. दहा किलोला पाचशे. केसपेपरवर मी तसे लिहून मोकळा झालो.

वॉर्डातल्या सिस्टर जुन्या होत्या. त्यांनी कपाटातून व्हायल काढली, हातात धरून पाहिली आणि इंजेक्शन न भरताच माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, ही पाचशेची व्हायल आपण मोठ्या माणसाला वापरतो. बाळ दहा किलोचं आहे. एकदा पुस्तकात बघता का?"

खरे सांगतो, आधी माझा मान दुखावला. पण सिस्टर जागच्या हलेनात. पुस्तक उघडले. तक्त्यात स्वच्छ छापले होते : किलोमागे दिवसाला १५ मिलिग्रॅम. फिफ्टीन. म्हणजे बाळाला दिवसाला १५० मिलिग्रॅम द्यायचे होते आणि मी तिपटीहून अधिक लिहिले होते. या गटातल्या औषधांची मात्रा जास्त झाली तर मूत्रपिंडाला इजा होते आणि कानाची नस कायमची दुखावू शकते. मी ऐकण्यात केलेल्या चुकीमुळे त्या बाळाची ऐकण्याची शक्ती गेली असती. मी लिहिलेले खोडले, शेजारी सही केली आणि नवी मात्रा लिहिली.

मित्राने बरोबर वाचले होते की नाही, हे मी नंतर घरी कॅसेट लावून पाहिले. त्याने बरोबरच वाचले होते. खड्ड्यात आपटलेल्या गाडीत 'फिफ्टीन'मधला शेवटचा आवाज मला ऐकू आला नव्हता. आणि गंमत म्हणजे, आपण चुकीचे ऐकले अशी शंकाही मनाला शिवली नाही. वाचताना अक्षर पुसट असेल तर ते पुसट आहे हे दिसते. ऐकताना मात्र गाळलेली जागा आपले मन स्वतःच भरून काढते, आणि तेच ऐकले अशी आपली खात्री होते.

कान कुठे कमी पडतो

ही गफलत माझ्या एकट्याची नाही. इंग्रजीत थर्टीन-थर्टी, फिफ्टीन-फिफ्टी, सिक्स्टीन-सिक्स्टी या जोड्या कुप्रसिद्ध आहेत. म्हणूनच तोंडी सूचना देताना 'वन-फाइव्ह' असा एकेक अंक उच्चारावा, असे शिकवले जाते. मराठीत पंधरा आणि पन्नास यांत तसा घोटाळा होत नाही. पण एकोणसाठ आणि एकोणसत्तर घाईत ऐकून पाहा.

औषधांच्या नावांचेही तेच. हायड्रॉक्सिझिन हे खाजेवरचे औषध, हायड्रॅलाझिन रक्तदाबावरचे. अमेरिकेत आम्लपित्तावरचे 'लोसेक' आणि लघवी होण्यासाठीचे 'लासिक्स' यांत इतके घोटाळे होऊ लागले, की १९९० साली तेथे 'लोसेक'चे नाव बदलून 'प्रायलोसेक' करावे लागले. ऐकायला आणि दिसायला सारखी असलेली नावे ही जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेच्या मुख्य प्रश्नांमध्ये गणली आहेत.

शिवाय संदर्भग्रंथाची बांधणीच मुळी डोळ्यांसाठी असते. कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. संदर्भग्रंथात आपण सूचीवरून पान शोधतो, तक्ता पाहतो, आकृतीवर बोट ठेवतो, मागचे पान पुन्हा उघडतो. साधे वाचतानासुद्धा आपली नजर ओळीवरून सरळ सरकत नाही, उड्या मारत जाते. आणि दर शंभर उड्यांपैकी सुमारे १० ते १५ उड्या मागे असतात. समजले नाही की नजर आपोआप मागे जाते. ऐकताना हे होत नाही. आवाज पुढे जातो आणि न समजलेले मागे राहते.

तक्त्याची तर फारच दैना होते. पाच औषधे आणि प्रत्येकाच्या चार रकान्यांत मात्रा, वेळ, दुष्परिणाम, खबरदारी. हे सगळे एका ओळीत वाचून दाखवले तर तिसऱ्या औषधापर्यंत पहिले विसरलेले असते. एका वेळी मनात जेमतेम चार-पाच सुट्या गोष्टी मावतात. आता तर पुष्कळ ठिकाणी माणूस वाचत नाही, यंत्राचा आवाज वाचतो. हे यंत्र मायक्रोग्रॅमचे चिन्ह गाळू शकते, दशांशाचा टिंब खाऊ शकते, घातांक साध्या अंकासारखा वाचू शकते. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे, हे लक्षात घ्या.

याविषयी परदेशात प्रयोगही झाले आहेत. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा लेख वाचला, काहींनी तोच ऐकला. चाचणीत ऐकणाऱ्यांना बरेच कमी गुण मिळाले. २०१३ साली कॅनडात दिसून आले, की नुसते ऐकणाऱ्याचे मन सर्वांत जास्त भटकते आणि मोठ्याने वाचणाऱ्याचे सर्वांत कमी. मात्र २०१६ सालच्या दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात महायुद्धातील एका सत्यकथेचा भाग वाचणारे आणि ऐकणारे यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. मला यात विसंगती वाटत नाही. गोष्ट प्रवाही असते, ती कानाने कळते. औषधशास्त्राचा धडा हा गोष्ट नाही.

ज्यांना कानाचाच आधार

याचा अर्थ ध्वनिपुस्तके टाकाऊ आहेत असा नाही. ज्यांना दिसत नाही, कमी दिसते किंवा अक्षरे जुळवणे जड जाते, त्यांच्यासाठी ध्वनिपुस्तक हेच पुस्तक असते. अमेरिकेतील डॉ. डेव्हिड हार्टमन यांची दृष्टी बालपणीच गेली. १९७६ साली ते टेम्पल विद्यापीठातून वैद्यकीय पदवीधर झाले आणि पुढे मनोविकारतज्ज्ञ म्हणून त्यांनी काम केले. वैद्यकीय पुस्तके त्यांच्यासाठी टेपवर वाचली जात. डोळस विद्यार्थी आळसाने ऐकतो आणि असा विद्यार्थी एकाग्रतेने ऐकतो, यात जमीनअस्मानाचा फरक असतो.

अशा वाचनाचा दर्जाही निराळा हवा. आकृती आली की वाचकाने तिचे वर्णन करायचे, तक्ता आला की रकान्याचे नाव प्रत्येक वेळी उच्चारायचे, अवघड नावाचे स्पेलिंग सांगायचे. म्हणजे वाचणारा त्या विषयातला जाणकार हवा. या लोकांची गरज ओळखून आपल्या देशाने २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली. अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक तयार करायला तीमुळे वाट मोकळी झाली. २०१३ साली मराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. आपल्या ओळखीत एखादा अंध किंवा अल्पदृष्टी विद्यार्थी असेल तर त्याला ही माहिती अवश्य द्यावी.

कानाला मानवणारा मजकूरही असतो. आपल्या आशाताईंचे उदाहरण घ्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताईने बाळाला भेटायला जायचे दिवस ठरलेले आहेत : तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही. ही माळ दोन-तीनदा ऐकली की तोंडी बसते. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार लागत असेल, छाती आत ओढली जात असेल तर काय करायचे, हेही गोष्टीसारखे ऐकता येते. असे मराठी वाचन स्वच्छ आवाजात, जाणकारांकडून तपासून मुद्रित करावे. आपल्या जिल्ह्यातील प्रशिक्षण केंद्राने आणि महाविद्यालयांनी हे काम मनावर घ्यावे, अशी माझी जाहीर विनंती आहे. खर्च फार नाही. इच्छा मात्र हवी.

ऐकून अभ्यास करणाऱ्यांसाठी पथ्ये

औषधाला जसे पथ्य, तसे या अभ्यासालाही आहे. विद्यार्थ्यांनी हा भाग कापून ठेवला तरी चालेल.

पहिले : आधी पाहा, मग ऐका. प्रवासाला निघण्यापूर्वी धड्याची शीर्षके, आकृत्या आणि तक्ते पाच मिनिटे नजरेखालून घाला. मग ऐकताना प्रत्येक गोष्ट कुठे ठेवायची हे मनाला कळते.

दुसरे : वीस मिनिटांनी थांबा. कानातले काढा आणि काय ऐकले ते स्वतःशी म्हणून पाहा. आठवत नसेल तिथेच खरी कच्ची जागा आहे. आठवून पाहण्याने ज्ञान जितके पक्के होते तितके पुन्हा पुन्हा ऐकण्याने होत नाही, हे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा आठवून पाहा. हीच आपली जुनी संथा, फक्त गुरूच्या जागी तुम्ही स्वतः.

तिसरे : आकडा कानाने घेऊ नका. मात्रा, प्रमाण, दिवसातून किती वेळा, हे ऐकले तरी ते 'अजून पाहायचे आहे' असे समजा. घरी येऊन पुस्तकात पाहा आणि मगच वहीत लिहा.

चौथे : आवृत्ती विचारा. ध्वनिमुद्रण कुठल्या सालच्या पुस्तकाचे आहे? आपल्याकडे क्षयरोगावरची औषधे राष्ट्रीय कार्यक्रमात पूर्वी एक दिवसाआड दिली जात. २०१७ पासून ती देशभर रोज देण्याची पद्धत आली. एकट्याने छातीदाब देऊन कृत्रिम श्वास देताना पूर्वी १५ दाबांमागे २ श्वास शिकवत. २००५ पासून मोठ्या माणसासाठी ते ३० दाबांमागे २ झाले. जुन्या मुद्रणातला आवाज कितीही भारदस्त असला तरी मजकूर कालबाह्य असू शकतो. मोबाइलवरून हातोहात फिरणाऱ्या फायलींवर तर ना ग्रंथाचे नाव असते ना आवृत्ती. ती चोरीची असते हा भाग वेगळाच.

पाचवे : कान सांभाळा. एस.टी.च्या खडखडाटात आवाज नकळत वाढवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. आवाज ९० डेसिबलवर गेला तर तीच मर्यादा अवघी ४ तासांवर येते. शेजारी बसलेल्याला तुमच्या कानातले ऐकू येत असेल तर आवाज नक्कीच मोठा आहे. आणि दुचाकी चालवताना कानात काहीही घालू नका. रस्त्यावर कान मागून येणाऱ्या गाडीसाठी मोकळे हवेत.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. धडा लावून झोपले की तो झोपेत पाठ होतो, असे काही मुले मानतात. १९५६ सालीच सायमन आणि एमन्स या दोघा अमेरिकन संशोधकांनी मेंदूच्या लहरी तपासत हे पाहिले. खरोखर झोपलेल्या माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही. तेव्हा झोपेच्या वेळी झोपावे. झोपेत दिवसाचा अभ्यास पक्का होतो, तो लाभ घालवू नये.

घरच्यांसाठीही हाच नियम

आता ज्यांच्या घरी कुणी डॉक्टरकी किंवा नर्सिंग शिकत नाही, ते म्हणतील की यात आमच्यासाठी काय? तुमच्यासाठी यात पुष्कळ आहे. दवाखान्यात आम्ही तुम्हाला तोंडी सांगतो आणि तुम्ही ऐकून घरी जाता. फोनवर तर सगळेच कानावर. घरी गेल्यावर सासूबाई विचारतात, "दिवसातून किती वेळा सांगितली?" आणि तिथे अंदाज सुरू होतो.

एक उदाहरण देतो, ते लक्षात ठेवा. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सांधेवातासाठी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ऐकण्यात चूक होऊन ती रोज घेतली गेली, तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कमी होतात आणि प्रसंगी जीव जातो. अशा दुर्घटना जगभर घडलेल्या आहेत. एका शब्दाचा फरक, 'आठवड्यातून' की 'दिवसातून'. म्हणून ही गोळी कुठल्या वारी घ्यायची त्या वाराचे नाव चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

डॉक्टर किंवा औषध दुकानदार काही सांगत असतील तर ते ऐकून झाल्यावर उलट म्हणून दाखवा : "म्हणजे अर्धी गोळी, सकाळी, जेवणानंतर, पाच दिवस, बरोबर?" संकोच करू नका. मोठ्या रुग्णालयांत तोंडी सूचना घेणाऱ्या परिचारिकेने ती लिहून घ्यावी आणि वाचून दाखवावी, असा नियमच असतो. तो नियम घरातही चालवायला काही हरकत नाही. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाला चिठ्ठी वाचायला सांगा, किंवा डॉक्टरांना गोळीच्या पाकिटावर सूर्य-चंद्राची खूण करून मागा.

पत्रलेखकास उत्तर

तर आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. दादा, तुमच्या मुलीचा अभ्यास देखावा नाही. तीन तासांचा प्रवास ती खिडकीबाहेर बघत घालवत नाही, याचे कौतुक करा. तिला ऐकू द्या. पण ते दोन हजार रुपयेही खर्च करा आणि पुस्तक घ्या. नवी आवृत्ती घ्या. परवडत नसेल तर कॉलेजच्या ग्रंथालयातून घ्यायला सांगा. हजार पानांचा ग्रंथ, पानावर पाचशे शब्द धरले आणि मिनिटाला दीडशे शब्दांच्या वेगाने वाचला, तर नुसता ऐकायला पंचावन्न तास लागतात. पुस्तक हाती असेल तर हवा तो आकडा अर्ध्या मिनिटात सापडतो. रात्री दोन वाजता वॉर्डात रुग्णाचा श्वास लागलेला असताना पंचावन्न तासांच्या आवाजातून ती मात्रा कशी शोधणार?

पास होईल का, असे तुम्ही विचारता. होईल. पण परीक्षेत दोन गुण गेले तर फारसे बिघडत नाही. वॉर्डात आकडा चुकला तर त्याची किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराला मोजावी लागते.

माझ्या त्या सिस्टर केव्हाच निवृत्त झाल्या. कॅसेट त्यांनी कधी ऐकली नसेल. त्यांच्या एप्रनच्या खिशात एक लहानशी वही असे. नवे इंजेक्शन वॉर्डात आले की त्या पुस्तकात पाहून त्यात नोंद करत. बँकेच्या चेकवर जशी रक्कम लिहितो तशी : आधी अंकात, मग कंसात अक्षरी. अमिकॅसिनपुढे त्यांनी लिहिले होते, १५ (पंधरा). त्या दिवशी माझ्यासमोर येण्याआधी त्यांनी ती वही पाहिली होती, हे मला बऱ्याच दिवसांनी कळले. मला त्यांनी ती दाखवली नाही. पुस्तक उघडायला सांगितले.

मुलीला अशी एक वही घेऊन द्या.